सरांनी बंद ठेवलेली टेस्ट

सर स्वतःच्याच खोलीची बेल वाजवायचे आणि मग खिशातून किल्ली काढून कुलूप उघडायचे. आत कोणीच नसायचं. यवतमाळात आर्णी रोडला लागून एका गल्लीत ते एकटे राहत आणि दर शनिवारी एसटीनं दिग्रसला आपल्या घरी जात. बेल कशाला वाजवता, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "कोनी आलं अन् बेल वाजलीच नाही, तर तो मानूस परत जाईन. मले पत्ताच लागनार नाही का कोनी आलतं." त्यांच्याकडे कोणी आल्याचं चार वर्षांत माझ्या कानावर आलं नव्हतं.

ऑटोत बसायच्या आधी ते ऑटोवाल्याला गाडी दहा पावलं पुढे न्यायला लावत आणि ब्रेक मारून दाखवायला सांगत. काही जण ब्रेक न मारता सरळ निघून जात. स्टँडवरचे जुने ऑटोवाले मात्र त्यांना लांबून पाहूनच एकदा ब्रेक मारत आणि मग त्यांच्याजवळ येऊन थांबत.

मी त्यांच्या हाताखाली लागले तेव्हा नुकतीच इंजिनिअरिंग संपवून बाहेर पडले होते. टायरच्या दुकानावरच्या मजल्यावर आमची नऊ माणसांची कंपनी होती. आम्ही कृषी केंद्रांसाठी एक मोबाईल ॲप बनवत होतो. कोणत्या पिकावर कोणती कीड आहे, त्यावर कोणतं औषध आणि फवारणीच्या एका पंपाला किती मिली, हे ते ॲप शेतकऱ्याला सांगायचं. त्यातलं सगळं गणित बरोबर आहे की नाही, हे पाहणं सरांचं काम. वय पन्नाशीच्या पुढे, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, आणि चेहऱ्यावर कायम असा भाव की आत्ता कुठेतरी काहीतरी मोडलेलं आहे आणि आपल्याला ते अजून सापडलेलं नाही.

माझी मुलाखत त्यांनीच घेतली. काय काय येतं हे विचारलंच नाही. शेवटची चूक कोणती केलीस आणि ती तुला कशी कळली, एवढंच विचारलं. मी म्हटलं, तशी मोठी चूक काही आठवत नाही. त्यांनी माझा अर्ज मिटून बाजूला ठेवला. मला वाटलं, नोकरी गेली. नोकरी मिळाली, पण त्या उत्तराबद्दल त्यांना माझी काळजी वाटत होती, हे त्यांनी वर्षभरानं सांगितलं.

पहिल्या आठवड्यात मला कोऱ्या लॅपटॉपवर आमचं सगळं सामान उभं करायचं होतं. प्रोग्राम लिहिण्याची जागा, त्याला लागणारी इतर सॉफ्टवेअर, आणि युनिट टेस्ट चालवायची सोय. युनिट टेस्ट म्हणजे प्रोग्रामच्या एकेका लहान तुकड्याला ठरलेला आकडा द्यायचा आणि ठरलेलंच उत्तर येतं का, हे यंत्राकडूनच तपासून घ्यायचं. उत्तर जुळलं की पडद्यावर हिरवी ओळ, चुकलं की लाल. दोन दिवस मी त्यात डोकं घातलं. काय काय केलं ते सरांच्या सांगण्यावरून वहीत लिहून ठेवत गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी शेकडो हिरव्या ओळी सरसर उतरल्या आणि मी आनंदानं त्यांना बोलावलं. त्यांनी पडदा पाहिला, खुर्ची ओढली आणि माझ्या डोळ्यांदेखत सगळंच्या सगळं पुसून टाकलं.

ते शांतपणे म्हणाले, "आता तुह्याच वहीत पाहून पुन्हा कर. तुलेच नाही जमलं, तर दुसऱ्याले कसं जमन?" आणि निघून गेले. माझ्या वहीत सात गोष्टी लिहायच्या राहिल्या होत्या. त्या रडत रडत शोधल्या. दुसऱ्यांदा तेच काम दीड तासात झालं.

त्याहून वाईट पुढेच होतं. मी चहाला गेले की ते माझ्या जागेवर येऊन माझ्या प्रोग्राममधलं एखादं चिन्ह बदलून ठेवत. अधिकच्या जागी उणे, किंवा 'पेक्षा कमी'च्या जागी 'पेक्षा जास्त'. मी परत येऊन टेस्ट चालवायची. लाल आलं तर ते काही बोलत नसत. हिरवं आलं, तर मागून आवाज यायचा, "मी आत्ता तुहं गनित मोडलं, बाई. तुही टेस्ट काय करून राह्यली होती?" मी लिहिलेल्या टेस्ट नुसत्याच पळत होत्या, पाहत काहीच नव्हत्या, हे मला तेव्हा कळलं. पहिल्यांदा असं झालं तेव्हा मी खूप चिडले होते. कोणी आपल्या कामात असा हात घालतं का! पण त्यांचा नियमच होता, की कोणतीही नवी टेस्ट आधी लाल होऊन दाखवली पाहिजे. कधीच लाल न झालेल्या हिरव्यावर त्यांचा भरवसा नव्हता.

हे कुठून आलं, ते त्यांनी एकदा जेवताना सांगितलं होतं. तरुणपणी ते एका जिनिंग कारखान्यात कापसातला ओलावा मोजायला होते. गाडी आली की कापसात मीटरची सळई खुपसायची आणि आकडा लिहायचा. एका हंगामात आठ, आठ, आठ असाच आकडा येत गेला. आठ म्हणजे चांगला वाळलेला कापूस, म्हणून सगळे खूश. एके दिवशी सरांनी प्यायच्या माठातलं पाणी कापसाच्या गाठोड्यावर ओतलं आणि त्यात सळई खुपसली. मीटरनं आठच दाखवलं. ते कधीपासून मेलेलं होतं कोणास ठाऊक. "चुकीचा आकडा असता तर कोनीतरी पायलं असतं," ते म्हणाले. "बरोबर आकड्याकडं कोनी पाहत नाही." त्यानंतर रात्रशाळेतल्या पोरांबरोबर बसून ते कॉम्प्युटर शिकले होते.

आमच्या मालकांनाही त्यांनी असाच धक्का दिला होता. जिन्याजवळ आग विझवायचं लाल नळकांडं टांगलेलं होतं, त्यावर तपासणीचा शिक्काही होता. एका सकाळी सरांनी ते काढलं, पिन ओढली आणि गॅलरीत तोंड करून दाबलं. आम्ही सगळे किंचाळत मागे सरलो. नळकांड्यातून एक उसासा निघाला, बस. मालक बाहेर येऊन संतापले, मग नळकांड्याकडे पाहत राहिले आणि आत गेले.

असा हा माणूस. म्हणून पुढे जे झालं त्याचा धक्का मला आजही पचलेला नाही.

पोळा होऊन गेला होता. सगळीकडे कपाशीवर फवारणी सुरू होती. पाठीवरच्या साध्या पंपापेक्षा पेट्रोलवर चालणाऱ्या पंपाला पाणी कमी लागतं, म्हणून त्यात औषध तिप्पट घालतात. साध्या पंपाला दहा मिली, तर पेट्रोलच्याला तीस. प्रोग्राममधला हा भाग जरा नीटनेटका करायचं काम माझ्याकडे आलं होतं. करता करता तिप्पट करणारी ओळ मी एका ठिकाणी नव्यानं लिहिली. जुनी ओळ दुसऱ्या फाईलीत होती, ती तशीच राहिली. त्यामुळे तिपटीची पुन्हा तिप्पट होऊ लागली. तीसच्या जागी नव्वद.

हे पकडणारी टेस्ट होती. सरांनीच लिहिलेली. पण आठवडाभर आधी औषधांचा नवीन तक्ता यायचा होता आणि तो येईपर्यंत ती टेस्ट विनाकारण लाल होत होती, म्हणून सरांनी ती वगळायला यंत्राला सांगणारा शब्द तिच्या वरच्या ओळीत लिहून ठेवला होता. शेजारी लिहिलं होतं, 'उद्या काढतो'. दुसऱ्या दिवशी त्यांना ताप आला. चार दिवसांनी ते कामावर आले, तोवर तक्ता आलेला होता आणि तो शब्द त्यांच्या ध्यानातून गेला होता.

मी मात्र तो शब्द पाहिला होता. टेस्ट चालवल्या की खाली बारीक पिवळ्या अक्षरांत येत होतं, 'एक वगळली'. मी उघडून पाहिलं, सरांच्या हातचं आहे म्हटल्यावर काही कारण असेल असं समजून बंद केलं. बाकी सगळं हिरवं होतं. संध्याकाळी नवं ॲप लोकांच्या मोबाईलवर गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसच्या फोनवर एका बाईचा फोन आला. घाटंजीकडच्या एका बंजारा तांड्यावरून बोलत होती. तिनं हळू आवाजात विचारलं, की पेट्रोलच्या पंपाले मोबाईल नव्वद दाखवून राह्यला, मांगच्या साली तीस होतं, यातलं बरोबर कोनतं? मी समोर पाहिलं. पडदा हिरवागार होता.

मी म्हटलं, "ॲपमध्ये आहे तेच बरोबर आहे, ताई. आम्ही सगळं तपासूनच देतो."

ती "बरं" म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

तासाभरानं सर आले. चहा पिताना मी त्यांना सहज सांगितलं, की लोक आता ॲपचीही उलटतपासणी करायला लागले, एक बाई नव्वद की तीस म्हणून विचारत होती. सरांनी ग्लास खाली ठेवला. "किती म्हनाली थे?" त्यांनी विचारलं. मी आकडा पुन्हा सांगितला. ते माझ्या खुर्चीत बसले. टेस्टची फाईल उघडली. आपल्याच हातचा तो शब्द त्यांना दिसला आणि ते थांबले. मग त्यांनी तो पुसला आणि टेस्ट चालवली.

लाल. खाली लिहिलेलं, यायला हवे तीस, आले नव्वद.

ते मालकांच्या खोलीत गेले आणि ॲप आत्ताच्या आत्ता बंद करा म्हणाले. मालकांचं म्हणणं पडलं, गुपचूप दुरुस्त करून टाकू, गवगवा कशाला. सरांनी वाद घातला नाही. बाहेर येऊन त्यांनी स्वतःच सर्व्हर बंद केला. मग आदल्या संध्याकाळपासून पेट्रोलच्या पंपाचं ते पान कोणाकोणाच्या मोबाईलवर उघडलं, याची यादी काढली. अकरा जण होते. आम्ही सगळे फोनला लागलो. दहा जण सापडले. कोणी अजून शेतात गेलं नव्हतं, कोणी साधाच पंप वापरत होतं, एकानं औषध कालवलं होतं ते ओतून द्यायला लावलं. अकरावा नंबर नुसताच वाजत होता. तो त्या बाईचा होता.

मालकांनी गाडीची किल्ली पुढे केली. घाटंजीपर्यंत सर गाडी चालवत होते. मी मांडीवर फोन घेऊन तोच नंबर लावत होते.

तांड्यावर पोचलो तर शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पंप आडवा पडलेला होता आणि हवेत औषधाचा तो उग्र वास होता. घराच्या ओसरीवर एक म्हातारी त्यांच्या गोर बोलीत एकटीच काहीतरी बोलत होती. शेजाऱ्यानं सांगितलं, दीड पंप मारला अन् गडी धुऱ्यावरच कोसळला, तोंडाले फेस होता, जीपमध्ये टाकून दवाखान्यात नेलं.

दवाखान्यात त्याची बायको बाकावर बसलेली होती. चाळिशीची, हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली औषधाची बाटली. डॉक्टरांना दाखवायला लागेल म्हणून ती आठवणीनं घेऊन आली होती. सर आधी आत गेले. औषध कोणतं, पाण्यात किती पट जास्त पडलं, किती वेळ तो त्यात होता, हे सगळं त्यांनी डॉक्टरांना एका दमात सांगितलं आणि ही चूक आमची आहे, हेही सांगितलं. डॉक्टर आधी चमकले, मग भराभर लिहून घेऊ लागले. थोड्या वेळानं ॲम्ब्युलन्स करून माणसाला यवतमाळला हलवायचं ठरलं.

सर बाहेर आले आणि त्या बाईसमोर जमिनीवर बसले. आपण कोण, कुठून आलो, ते सांगितलं. म्हणाले, "आकडा चुकीचा होता, बाई. तुमचा तीसच बरोबर होता. पकडायचं काम माहं होतं, म्या पकडलं नाही."

ती रागावली नाही. तिला जणू अजून पुरतं समजलंच नव्हतं. "म्या तं फोन केलता," ती म्हणाली. "एका पोरीनं सांगतलं, बरोबर हाय म्हनून."

सरांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते माझं नाव घेणार नव्हते, हे मला कळलं. मी गप्प राहिले असते तर तिला कधीच समजलं नसतं. मी म्हटलं, "ती मीच."

तिनं मान वर केली. मग अगदी साध्या आवाजात विचारलं, "मंग म्या अजून कोनाले इचारायचं होतं?"

आत स्ट्रेचर बाहेर काढायची गडबड सुरू झाली आणि ती हातातली बाटली मला देऊन उठून गेली.

माणूस वाचला. तीन दिवस धाकधूक होती, नवव्या दिवशी तो घरी गेला. डॉक्टरांनी त्याला वर्षभर औषधाच्या वाऱ्यालाही उभं राहू नको म्हणून बजावलं. सरांनी जिथं जिथं आमचं ॲप होतं त्या सगळ्या कृषी केंद्रांना पत्र लिहिलं. चूक काय, कोणत्या दिवशी, कशामुळे, आणि खाली स्वतःची सही. मालकांनी ते पाठवू नका म्हणून विनवलं. पाठवायचं तर मग इथं राहता येणार नाही, असंही शेवटी म्हणाले. सरांनी पत्र पाठवलं आणि दुपारी आपला डबा, वही आणि चष्म्याचं घर पिशवीत भरलं.

पत्रात माझं नाव नव्हतं. मी जिन्यापर्यंत त्यांच्या मागे गेले आणि म्हटलं, सर, मला तुम्ही एकदा रागवा तरी. मी तो शब्द पाहिला होता, तरी तुम्हाला विचारलं नाही, हेही तेव्हाच सांगून टाकलं. ते एक पायरी उतरून थांबले.

"काहून नाही इचारलं?"

"तुम्ही लिहिलं होतं म्हणून."

त्यांचा चेहरा पडला. वाटलं, लाल अक्षरं पाहिली तेव्हाही ते इतके हादरले नव्हते. "चार वर्सं मी तुले हेच शिकोलं का?" एवढंच म्हणाले आणि उतरून गेले.

त्यानंतर त्यांचा फोन लागला नाही. आर्णी रोडची खोलीही त्यांनी सोडली होती. आम्ही ॲप पुन्हा सुरू केलं, तेव्हा एकही टेस्ट वगळलेली असली तर ते बाहेरच जाऊ नये, अशी सोय मी केली. पण त्या बाईचा प्रश्न मला बसू देईना. कापूस फुटायला लागला तेव्हा एका रविवारी मी स्कूटी काढली आणि तांड्यावर गेले. काय बोलायचं, हे ठरवलेलं नव्हतं.

तिचा नवरा ओसरीवर बाजेवर बसून तूर निवडत होता. त्यानं मला ओळखलं नाही. बायको वावरात आहे म्हणाला. मी धुऱ्याधुऱ्यानं गेले. लांबून पेट्रोलच्या पंपाचा आवाज येत होता. कपाशीच्या ओळींतून एक माणूस येत होता. पायात गमबूट, हातात रबरी मोजे, अंगात प्लास्टिकचा अंगरखा, तोंडाला मास्क, डोळ्यांवर चष्मा. पाठीवर पंप. चालताना तो कमरेतून वाकत होता, वजन पेलवत नव्हतं. तो ओळीच्या टोकाशी आला, पंप बंद केला आणि मास्क खाली ओढला.

सर होते.

मी जागच्या जागी उभी राहिले. ती बाई बांधावर पाण्याच्या ड्रमाजवळ बसली होती. माझ्याकडे पाहून म्हणाली, "माहा मानूस दवाखान्यातून आल्यापासून हे दर आयतवारी येऊन राह्यले दिग्रसहून. त्याले डॉक्टरनं मना केली ना फवाऱ्याची. पयल्या आयतवारी म्या हाकललं. गेलेच नाही. धुऱ्यावर बसून राह्यले दिवसभर. दुसऱ्या आयतवारी म्हटलं, मारा मंग."

सरांनी मला पाहून नुसती मान हलवली. बोलायला त्यांना दम उरला नव्हता. त्यांनी पंप खाली टेकवला, झाकण उघडलं, ड्रममधलं पाणी भरलं आणि हात मागे बांधून उभे राहिले. बाई उठली. "माप मात्र मीच घालते," मला म्हणाली. तिनं बाटली काढली, मापाचं झाकण डोळ्यांच्या रेषेत धरलं, त्यात औषध ओतलं, थांबून एकदा नीट पाहिलं आणि पंपात रिकामं केलं.

"तीस," ती म्हणाली.

सर मापाकडे पाहत नव्हते. ते तिच्याकडे पाहत होते. त्यांनी किती घातलं ते विचारलं नाही, बाटली हातात घेतली नाही. झाकण लावलं, मास्क वर केला, पंप पाठीवर चढवायला तिनं मागून हात दिला, आणि ते पुढच्या ओळीत शिरले.